बाईंचं लाल कुलूप

कुठल्याही वस्तूला बाई आधी उपडा हात लावायच्या. चहाचा कप असो, जीपचं दार असो, उन्हात तापलेली खुर्ची असो. आधी हाताची पाठ टेकवायची, जरा थांबायचं, मग तळवा. पहिल्याच दिवशी माझ्या जेवणाच्या डब्यालाही त्यांनी असाच हात लावला. मी म्हटलं, "अहो, भेंडीची भाजी आहे, शॉक नाही बसायचा." त्या हसल्या नाहीत. "सवय आहे," म्हणाल्या. "तळव्याला करंट लागला तर मूठ वळते, वस्तू सुटत नाही. उपडा हात झटकला जातो." मग डबा उघडून माझी निम्मी भेंडी त्यांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेलच. ऑफिसातले सगळे त्याच्यावर वैतागलेले असतात, आणि त्याला विचारल्याशिवाय कुणाचा पाय पुढे पडत नाही. आमच्याकडे त्या जागेवर बाई होत्या. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर फोन करून झापतील, आणि मी त्यांना अजूनही घाबरतो.

बाईंचं घर गौलीगुड्यात. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत, वडील शाळामास्तर, भाऊ वकील. घरात मराठी, गल्लीत दखनी, ऑफिसात तेलुगू, आणि राग आला की तिन्ही एकदम. सगळी नोकरी वीज खात्यात करून निवृत्त झाल्या आणि लोणची घालत बसायच्या वयात आमच्या कंपनीत सेफ्टी इन्चार्ज म्हणून आल्या. मी त्याच शहरातल्या दिलसुखनगरचा. सामान मागवायचं आणि साइटवरचं स्टोअर सांभाळायचं, हे माझं काम. कंपनीची जीप सकाळी आधी मला घ्यायची, मग गौलीगुड्याच्या कोपऱ्यावर त्यांना, आणि मग आम्ही शहराबाहेर दोन-अडीच तासांच्या माळावर जायचो. अख्ख्या साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. म्हणून मी लाडात येऊन एकदा त्यांना मावशी म्हटलं.

"मावशी घरी," त्या म्हणाल्या. "साइटवर मी तुझी कोणी लागत नाही. साइटवर नाती काढली की माणूस 'नाही' म्हणायला लाजतो."

तेव्हापासून मी त्यांना बाई म्हणतो.

तो माळ म्हणजे लाल माती, हत्तीएवढे धोंडे आणि सीताफळाची झुडपं. तिथे आम्ही सौर वीज प्रकल्प उभारत होतो. नजर जाईल तिथवर काचेची पॅनेलं, आणि एका अंगाला पांढऱ्या कंटेनरांच्या रांगा. त्या कंटेनरांत बॅटऱ्या. दिवसा ऊन गोळा करायचं, बॅटऱ्यांत भरून ठेवायचं आणि संध्याकाळी शहरात दिवे लागले की सोडायचं, एवढं सोपं काम. म्हणजे कागदावर सोपं. उभारताना आमच्या नाकी नऊ आले. धोंडे फुटेनात, खांब उभे राहीनात, ट्रक चिखलात रुतले की दिवसभर निघायचे नाहीत.

बाई मात्र खूश. एकदा जीपमध्ये मी विचारलं, पेन्शन येतंय, घर स्वतःचं आहे, मग ही उन्हातान्हाची हौस कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. खात्यात त्यांना कायम बिलांच्या टेबलावर बसवलं. बाईमाणूस साइटवर कशाला, म्हणून. "इंजिनियर मी, आणि नवं सबस्टेशन झालं की मला काय विचारायचे? नारळ कोण आणणार! स्विच चालू करायला पुरुष, हार घालून. मी मागे ताट घेऊन उभी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हा प्लांट मी चालू करणार. ह्या हाताने. त्यासाठी आलेय. दुसरं काही नको मला."

साइटवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घाई आहे ना? मग आधी बसा." एकदा क्रेनवाला भर वाऱ्यात कंटेनर उचलायला निघाला. बाई क्रेनसमोर जाऊन उभ्या. तो वरून ओरडतोय, मेडम, टाइम नहीं है! बाईंनी त्याला खाली उतरवला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवला आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. वारा पडेपर्यंत त्याला त्याच्या गावाची, पोराबाळांची, सासुरवाडीची चौकशी करून हैराण केलं. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, तुम्ही सांगाल तेव्हा उचलतो, पण माझ्या सासूबद्दल विचारू नका.

आता त्या कुलपांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. विजेच्या कामात एक रीत आहे. ज्या पॅनेलवर माणूस काम करतो, त्याच्या स्विचला तो स्वतःचं कुलूप लावतो. लाल रंगाचं, वर नावाचं कार्ड. किल्ली त्याच्याच खिशात. काम संपलं की तोच येऊन काढणार, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. आतमध्ये माणूस असताना बाहेरून कुणी वीज सोडू नये म्हणून ही खबरदारी. रीत सगळीकडे असते, पाळतात किती हा भाग वेगळा. बाई ती सोवळ्यासारखी पाळायच्या. आमचा एक इलेक्ट्रिशियन बहिणीच्या लग्नाला किल्ली खिशात घेऊनच गेला. एक अख्खी रांग बंद पडली. सगळे म्हणाले, तोडा कुलूप, तो तर मांडवात आहे. बाई म्हणाल्या, "मांडवात आहे हे तुम्ही म्हणता. त्याला येऊन मला तोंड दाखवू दे." बिचारा हळद लागलेल्या अंगाने बसमधून आला, कुलूप काढलं आणि परत पळाला. बाईंनी जाताना बहिणीसाठी साडी दिली. साडी आधीच आणून ठेवली होती, म्हणजे बघा.

मग उन्हाळा आला आणि उद्घाटनाचा दिवस ठरला. कुणी तरी बडे पाहुणे येणार होते. साहेब, म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, जमिनीपासून वीतभर वर चालायला लागले. मंडप, फुलं, पेपरवाले, बिर्याणी. आणि इकडे माझ्या डोक्याला ताप. कंटेनरांना गार ठेवणारे पंप असतात, त्यातल्या शेवटच्या रांगेच्या पंपांना चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आलेलंच नव्हतं. पुरवठादाराला फोन करून करून माझा घसा बसला. माल अडकलाय म्हणून तो रोज नवं बंदर सांगायचा.

कार्ड नाही, तर पंप नाहीत. पंप नाहीत, तर कंट्रोल रूमच्या पडद्यावर ती रांग लाल दिसायला हवी. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी बाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या, तर सगळ्या रांगा हिरव्यागार.

"कार्ड आलं का रे?" त्यांनी मला विचारलं.

"कसलं येतंय!"

"मग हे हिरवं कुठून आलं?"

त्या तरातरा शेवटच्या रांगेकडे निघाल्या. मी मागे, आणि माझ्यामागे ठेकेदाराचा सुपरवायझर. बाईंनी कंटेनरच्या पाइपाला हाताची पाठ लावली. पाइप तापलेला. पंपाचा आवाजही नाही. इलेक्ट्रिशियनला पेटी उघडायला लावली. आत बोटभर तारेचा तुकडा दोन टोकांना जोडून टाकला होता. धोक्याची सूचना पडद्यापर्यंत पोचूच नये, अशी ती जोडणी.

सुपरवायझरची पाचावर धारण बसली. "ओक्क रोजे कदा, अम्मा," तो म्हणाला. एकच दिवसाचा तर प्रश्न आहे! पाहुणे गेले की काढून टाकू.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याला हाताला धरून कंटेनरच्या मागे नेलं. तिथे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. दोरीवर कपडे वाळत होते, एक मजुरीण भांडी घासत होती. "उद्या भर उन्हात बॅटऱ्या भरणार," बाई त्याला तेलुगूत म्हणाल्या. "आत गार करणारं काही नाही. एक पेटली की तिच्या शेजारची पेटते. पाणी मारूनही ती आग लवकर ऐकत नाही. मग ह्या खोल्यांत कोण आहे ते मोजायला तू येशील?"

बाई सरळ मुख्य स्विचकडे गेल्या. पंप आणि पडद्यांची वेगळी लाइन सोडली, तर प्लांटची सगळी वीज ज्यातून जाते तो स्विच. हाच त्यांना चालू करायचा होता. पर्समधून लाल कुलूप काढलं, स्वतःच्या नावाचं कार्ड लावलं आणि दांड्याला कुलूप घातलं.

साहेबांचा पारा चढायला कितीसा वेळ लागतो! धावत आले. "मेडम, क्या कर रहे आप? एक लाइन खराब है तो एक लाइन बंद करो. बाकी के तो ठीक हैं ना?"

"एका रांगेत तार घातली. बाकीच्यांत नाही घातली हे मला कोण सांगणार? तार घालणारा?" बाईंनी विचारलं. "सगळ्या पेट्या उघडून बघते. झालं की कुलूप काढते."

"कब तक?"

"घाई आहे ना? मग आधी बसा."

साहेब बसले नाहीत. साहेबांनी समजावलं, हात जोडले, मग आवाज चढवला. कंपनीची इज्जत, पाहुण्यांचा वेळ, पेपरवाले, सगळं काढलं. मग हळूच म्हणाले, "मेडम, आपका सपना मेरेकू मालूम है. कल आपके हाथ सेच चालू करते. मेहमानों के बाजू में आप. फोटो आपका."

मी बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता विरघळतील. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते कुणी ताटात वाढून देत होतं.

"नक्को," बाई म्हणाल्या.

"तो फिर कल से आने का नक्को!" साहेब ओरडले. "और चाबी इधर दो."

"उद्यापासून कशाला, आत्ताच जाते," बाई म्हणाल्या. "किल्ली ज्याच्या कुलपाची त्याची. ती नाही मिळणार." थर्मास उचलला, मजुरांच्या खोल्यांत जाऊन प्रत्येकाला सावध केलं आणि फाटकाबाहेर पडल्या. त्यांना जीपही दिली नाही. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

त्यानंतर साहेब माझ्याकडे आले. कुलूप तोडायचा कटर माझ्या स्टोअरमध्ये होता. "निकालो," म्हणाले.

अहो, मी काही शूर माणूस नाही. घरी कर्ज आहे, मुलगी कोचिंगला जाते. पण बाईंनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे कटर द्यायला सेफ्टी इन्चार्जची सही लागायची. मी तेच म्हटलं. "साहेब, सही लागते."

"किसकी?"

"सेफ्टी इन्चार्जची. त्यांना तुम्ही आत्ताच घरी पाठवलंत."

साहेबांनी मला जे काही म्हटलं ते छापण्यासारखं नाही. मग त्यांनी इलेक्ट्रिशियन लोकांना दगडाने तोडायला सांगितलं. कुणी पुढे येईना. एकाला पोटदुखी झाली, दुसऱ्याला एकाएकी नमाजाची आठवण झाली, तिसरा म्हणाला, "अम्मा का ताला है साब, मेरेसे नहीं होता." साहेब स्वतः स्विचपर्यंत गेले, कुलपावरचं नाव वाचलं आणि का कोण जाणे, परत आले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. पाहुण्यांनी लाल फीत कापली, बटण दाबलं आणि कमानीवरचे दिवे लखलखले. टाळ्या! मंडपामागे भाड्याने आणलेला जनरेटर धडधडत होता, त्याचा आवाज दबावा म्हणून बँडवाल्यांना जोरात वाजवायला सांगितलं होतं. सूर्याच्या प्लांटचं उद्घाटन डिझेलवर झालं. मी बिर्याणी खाल्ली नाही. म्हणजे थोडी खाल्ली, पण राग येत होता.

कार्ड आलं ते बऱ्याच दिवसांनी. दरम्यान कर्ज देणाऱ्या बँकेचा तपासनीस येऊन गेला. त्याने मुख्य स्विचला कुलूप बघितलं, हे कुणाचं म्हणून विचारलं, आणि सगळ्या पेट्या उघडायला लावल्या. आणखी दोन रांगांत तसेच तारेचे तुकडे निघाले. तपासनीस म्हणाला, ज्यांचं कुलूप आहे त्यांनी येऊन, सगळं पाहून ते काढायचं, तोवर प्लांट चालू होणार नाही. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मनसोक्त बघून घेतला.

साहेबांनी मला फोन करायला लावला. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला बोलावलंय."

"कुणी?"

"साहेबांनी."

"मग त्यांना बोट नाही का फोन लावायला?"

शेवटी साहेबांनी फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. बाई म्हणाल्या गाडी नको, आणि बसने आल्या. फाटकावर वॉचमनने ओशाळत त्यांच्या गळ्यात पाहुण्यांचा पास घातला. त्या सकाळपासून उन्हात एकेक रांग फिरल्या. त्यांच्या मागे सगळे इलेक्ट्रिशियन. एकेका पंपाला कान लावून ऐकलं. दुपार कलल्यावर मुख्य स्विचकडे आल्या, कुलूप काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

साहेबांनी फोटोवाल्याला पुढे बोलावलं. "आओ मेडम," म्हणाले, आणि आवाज खरंच मऊ झाला होता. "जो हुआ सो हुआ. आप हीच चालू करो. आजीच फिर से जॉइन करो, लेटर तयार है."

बाई त्या दांड्याकडे बघत उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, मग दमून खाली घेतला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो करा ना! कोण अडवतंय?

"कुलूप माझं होतं, ते मी काढलं," बाई म्हणाल्या. "स्विच कंपनीचा आहे. कंपनीत मी नाही."

"अरे मेडम, लेटर दे रहा ना मैं!"

"एकदा नाही म्हटलं, तर बाहेर काढलंत. पुन्हा नाही म्हणायची वेळ आली तर पुन्हा काढाल. तेव्हा म्हणाल, मेडम, फोटो तो आपकाच लगाया था." त्यांनी गळ्यातला पास दाखवला. "पाहुण्याने पॅनेलला हात लावायचा नसतो, साहेब. पाळी कुणाची आहे आज?"

पाळीवर नलगोंड्याकडची एक तरुण ऑपरेटर होती. बाईंनीच तिला काम शिकवलं होतं. ती कोपऱ्यात उभी होती. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या. पोरीने दांडा धरला. "मेल्लगा, अम्मा," बाई म्हणाल्या. हळू, सावकाश. खटका पडला. मग जमिनीतून आल्यासारखी बारीक गुणगुण सुरू झाली आणि पडद्यावर एकेक रांग जागी होत गेली. ह्या वेळचं हिरवं खरं होतं. पोरगी रडायला लागली. साहेब टाळ्या वाजवत होते. बाई पदराने डोळे पुसत होत्या, लपवतसुद्धा नव्हत्या.

मी त्यांना फाट्यावरच्या बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. मला साहेबाचा राग आला होता, नियमांचा आला होता आणि बाईंचाही आला होता. मी म्हटलं, "तुम्ही चालू करायला हवा होता. हट्ट कसला एवढा!"

"हवा होता रे," बाई म्हणाल्या. "फार हवा होता."

साहेबांचं लेटर नंतर दोनदा त्यांच्या घरी गेलं आणि दोनदा परत आलं. त्यांच्या जागेवर आता एक सुटाबुटातले गृहस्थ आहेत. चांगले आहेत. कुणी काही विचारलं की हो म्हणतात.

त्या दिवशी बस आली ती खच्चून भरलेली. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून गर्दीला सीमा नाही. पायरीवर चार पोरं लोंबकळत होती. बाई पुढच्या दाराने चढल्या आणि खिडकीतून मला त्यांचा आवाज ऐकू आला, आधी तेलुगूत, मग दखनीत, मग मराठीतही. पायरीवरची सगळी पोरं आत घ्या, नाही तर गाडी इथून हलणार नाही. कंडक्टर काही तरी बोलला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मागची माणसं ओरडायला लागली. बाई इंजिनाच्या झाकणाशी ड्रायव्हरसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

बस बराच वेळ हलली नाही.